चष्म्यातली मी

सोमवार, ४

आज नव्या नोकरीचा पहिला दिवस, आणि मी अजून हसतेय. आधी शाळेत पीटी शिकवायचे, तेव्हा शिट्टी फुंकून फुंकून माझे गाल दुखायचे. इथे शिट्टीच नाही. जिम दुसऱ्या मजल्यावर, खाली फरश्यांचं दुकान. आत शिरलं की नव्या रबराचा वास आणि भिंतभर आरसे. खरी गंमत चष्म्यांची. मेंबर आला की त्याला एक जाडसर काळा चष्मा देतात. तो घातला की हॉल तोच दिसतो, यंत्रं तीच, फक्त शेजारी एक ट्रेनर उभी असते. प्रत्येकाला स्वतःची. ती चुका दाखवते, शाबासकी देते. आणि यापुढे ती ट्रेनर म्हणजे मी!

त्यासाठी मला घट्ट काळा पोशाख घालून दुपारभर कॅमेऱ्यांच्या गराड्यात उभं केलं. चाल, वाक, हस, ओरड. शेवटी तंत्रज्ञ म्हणाला, आता राग. मला रागच येईना, उलट हसू फुटायला लागलं. मग तो माझ्या मांड्यांबद्दल, रंगाबद्दल, अजून लग्न कसं नाही याबद्दल असं काही बोलला की माझं डोकंच सणकलं. कॅमेरे बंद झाल्यावर त्याने माफी मागितली, कामाचाच भाग होता म्हणे. मालकीणबाईंनी कॉफी पाजली. जाऊ दे. ताईने तिची अर्धी खोली मला रिकामी करून दिली आहे, दोघींचा पसारा एकाच कपाटात कोंबलाय.

बुधवार, ६

अजब काम आहे. हॉलभर माणसं, आणि जो तो हवेकडे बघून मान डोलावतोय. बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले, फार लाघवी. ते रिकाम्या जागेला सांगत होते, हो हो, पाठ सरळ ठेवतो. मी शेजारून गेले तरी कुणी वर बघत नाही. मी यंत्रं पुसते, बाटल्या उचलते. थोडक्यात, मी माझीच मोलकरीण. ताई हसून हसून लोळली.

शनिवार, ९

कपडे बदलायच्या खोलीत मेंबरांपैकी एक डेंटिस्टबाई माझ्या अंगावर धावून आल्या. "चारचौघांत मला म्हैस म्हणालीस, आणि आता वर तोंड करून नमस्कार करतेस?" मी म्हटलं, मी आज तुमच्याशी बोललेच नाही. तर म्हणाल्या, आवाज तुझा, तोंड तुझं, मग बोललं कोण?

मालकीणबाईंकडे गेले. त्यांनी मोबाइलमधून डोकंही वर काढलं नाही. गोड बोललं की लोक दांड्या मारतात, अपमान झाला की न चुकता येतात, म्हणून तुझ्या रागाचा भाग वाढवलाय, म्हणाल्या. डेंटिस्टबाई उद्या सगळ्यांच्या आधी हजर असतील, बघ. आणि हो, चष्म्यांना तू हात लावायचा नाहीस.

मंगळवार, १२

कुणीतरी माझ्या बुटात थुंकलं. जिन्यात एकाने मुद्दाम खांदा मारला. मी समोरून आले की गप्पा थांबतात. ज्या बाईंना मी काल पडता पडता सावरलं, त्यांनी माझा हात झटकून टाकला.

आज चष्मा घातलाच.

ती काकांजवळ उभी होती. माझी पोनी, माझ्या हनुवटीवरचा तीळ. काका खांद्यावर वजन घेऊन बैठका मारत होते आणि ती म्हणत होती, खाली, अजून खाली. मी दारातूनच ओरडले, काका, पुरे! तिने मान वळवली. माझ्याकडे पाहिलं. माशी मारण्याआधी आपण माशीकडे बघतो तसं.

काका रडवेले झाले होते. म्हणाले, "तूच म्हणतेस थांबलात तर बघा, आणि तूच म्हणतेस पुरे!" आणि ते पुन्हा खाली गेले. गुडघ्याचा आवाज मला हॉलच्या या टोकाला ऐकू आला. स्ट्रेचरवरून ते माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते ती मी विसरणार नाही.

बुधवार, १३

काकांचा मुलगा आला होता. मालकीणबाईंनी सगळ्यांसमोर छतावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण लावलं. साधा कॅमेरा, चोऱ्या पकडायला बसवलेला. चष्म्यांशी त्याचा काही संबंध नाही.

त्यात मी काकांच्या मागे उभी आहे. माझे दोन्ही हात त्यांच्या खांद्यांवर. मी दाबतेय.

मी दारापाशी होते. चष्म्यांच्या फळीपाशी. चित्रणात तिथे कुणीच नाही.

मुलाने माझी कॉलर धरली. कुणी सोडवलं नाही. डेंटिस्टबाई टाळ्या वाजवत होत्या. मी राजीनामा दिला. जिन्यात तंत्रज्ञाने गाठलं, चेहरा पांढराफटक. हळूच म्हणाला की त्याने चष्म्यातल्या तिला कालच पुसून टाकलंय. पार मुळापासून. काकांनी बैठका सुरू करायच्या आधीच.

शुक्रवार, १५

घरात चष्मा नाही. तरीही.

अंघोळ करून बाहेर आले तर ताई स्वयंपाकघरात रडत बसलेली. आईच्या आजारपणावरून तेवढं बोलायला नको होतंस गं, म्हणाली. काय बोलले ते काही केल्या सांगेना. मी म्हटलं, अगं, मी अंघोळीला होते! तिने माझ्या ओल्या केसांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मघाशी कोरडे होते, म्हणाली.

पिशवी भरून मावशीकडे निघून गेली. मला हात लावू दिला नाही.

शनिवार, १६

दिसली. भर दुपारी. बाल्कनीच्या दारात. चष्म्याशिवाय.

तिच्यामागून ऊन येत होतं. फरशीवर सावली नाही.

खाली, म्हणाली.

मी बसले. मला बसायचं नव्हतं —

रविवार, १७

सकाळपासून बैठका. मांड्या पेटल्यात. थांबले की ऐकू येतं — त्या दिवशी तंत्रज्ञ जे जे बोलला ते सगळं — माझ्याच आवाजात. फोन फोडला. तिने नाही. माझ्या हाताने. ती नुसती बघत होती.

आता खिडकीकडे बघतेय. तेवढ्यात लिहितेय —

बेल.

ताई. दाराबाहेरून म्हणतेय, मीच तडकाफडकी गेले, उघड ना गं —

दार उघडलं. मी नाही उघडलं.

ताईने तिला मिठी मारली. मी इथे, पलंगाजवळ, जमिनीवर. ओरडतेय, आवाज फुटत नाही. ताईची नजर माझ्यावरून फिरली आणि पुढे गेली —

किती गोड बोलतेय. ये म्हणतेय, दोघी मिळून जरा व्यायाम करू, राग निवळेल. ताई हसली. ओढणी खोचली. बसली, उठली. बसली —

हसत नाहीये आता. पुरे गं, म्हणतेय. दम लागलाय. पुरे. पण ती मागे उभी आहे, आणि तिचे दोन्ही हात ताईच्या