बाईंच्या माहेरची बुर्जी

ता. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कॉलेज सोडून कुठे तोंड काळं केलंस, असं विचारलंस. तोंड नाही, हात काळे करतोय. बुद्धिबळाची मोहरी बनवणाऱ्या उस्तादांकडे लेथवर लागलोय. दिवसभर लाकडी घोड्यांच्या माना घासतो. आणि हो, तू ओळखलंसच. उस्तादांना मुलगी आहे. मोहऱ्यांना पॉलिश तीच करते. आमचं ठरलंय.

काल उस्तादांसमोर बोललो. ते म्हणाले, एकच डाव खेळू. जिंकलास तर माझा होकार, नाहीतर विषय संपला. ती बापावर भडकली, मी काय पैजेचं बक्षीस आहे का म्हणून. मग माझ्याकडे वळून म्हणाली, जिंकला नाहीस तर बघ!

डाव मात्र त्यांच्या घरचा. उस्ताद आणि त्यांची बायको दोन वेगळ्या मुलखांतले. लग्नानंतर नियमांवरून रोज भांडणं, म्हणून दोन्हीकडचे नियम मिसळले. राजाला हत्तीआड नेण्याचा किल्लेकोट उस्तादांकडचा, बुर्जी बाईंच्या माहेरची: समोरचा राजा एकटा उरला की डाव बरोबरीत. बाई गेल्या, नियम राहिले.

मी शहाणा होईपर्यंत तरी लोभ असू दे.

तुझा,
भडक्या

ता. ९ फेब्रुवारी

चि. भडक्यास,
अ. उ. आ.

तुझे भावजी हसून म्हणाले, मेहुणा एकदाचा कुठेतरी टिकला! मला मात्र घोर लागलाय. कॅरममध्ये राणी सोडून दिसेल ती सोंगटी ठोकणारा तू. ती बुर्जी विसरू नकोस. कुणी डिवचलं तर जीभ चाव, पण हात आवर.

राग गिळलास तर लोभ दुप्पट.

तुझी,
ताई

ता. १७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उस्तादांकडे राजा आणि एक घोडा, एवढंच उरलं होतं. माझा वजीर एक घर सरकला की मात. ती दारात उभी होती, हातातलं पॉलिशचं फडकं घट्ट पिळत. तेवढ्यात उस्ताद सहज म्हणाले, शिक्षण अर्धवट टाकणारा डाव काय पुरा करणार! माझं डोकं फिरलं. वजीर उचलला आणि त्यांचा घोडा उडवला.

पटावर त्यांचा राजा एकटा. बुर्जी.

उस्तादांनाही आनंद झाला नाही. म्हणाले, हा नियम हिच्या आईचा, मी कसा मोडू? ती आत गेली आणि आतून कडी लावली.

नोकरी आहे अजून. रविवारी तिला बघायला येणार आहेत. बैठकीतली खुर्ची डुगडुगते, तिचा पाय बसवून दे असं उस्तादांनी सांगितलं. दिला बसवून. आता हलत नाही.

पटावर माझी किती मोहरी उभी होती, ताई!

लोभ एवढ्यात आटवू नकोस.

तुझा,
भडक्या