प्रात्यक्षिकानंतरच्या गाडीची तरतूद

मी, मोनिका ज्योतिबा कोळपे, वय ३२ वर्षे, व्यवसाय नोकरी (मोजमापाच्या उपकरणांची तपासणी), मूळ राहणार निमोणे, सध्या राहणार शिरूर, जि. पुणे, हे मृत्युपत्र स्वतः लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हृदयाची एक झडप शाबूत नाही. ती बदलण्यासाठी पुढच्या आठवड्यात मी पुण्याच्या रुग्णालयात दाखल होणार आहे. डॉक्टरांनी धोक्याचे प्रमाण स्पष्ट सांगितले. माझ्या कामात आम्ही जेवढे स्वीकारतो त्यापेक्षा ते जास्त आहे, म्हणून हा कागद. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. शिरूरची सदनिका आणि निमोण्याच्या शेतातील माझा हिस्सा आई तानुबाई हिला द्यावा. सदनिकेवर कर्ज नाही. आईला हे वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "दवाखान्यात जायाच्या आदी आसलं लिवत्यात व्हय गं?" लिहितात, असे मी सांगितले. "मंग माझी मेंढरं पन लिव्ह." मेंढरे माझी नाहीत, त्यामुळे ती मला देता येत नाहीत. तिच्या समाधानासाठी येथे नोंदवते की मेंढरे आईची आहेत.

२. सूक्ष्म मोजमापासाठीचा माझा मायक्रोमीटर, व्हर्नियर आणि स्लिप गेज (प्रमाणित जाडीचे पोलादी ठोकळे) यांचा संच भीमाथडी विद्यापीठाच्या शिरूर उपकेंद्रातील भौतिकशास्त्र प्रयोगशाळेला द्यावा. तो कुलूपबंद कपाटात ठेवू नये. मुलांच्या हातात द्यावा. हातून पडेल, तेव्हा पुन्हा तपासून घ्यावा.

३. पुणे–सोलापूर रस्त्यालगत भांडगाव (ता. दौंड) येथे मी पगारातून घेतलेला भूखंड आहे. त्याच्या मागच्या भागात टायरचे दुकान भाड्याने आहे. हा भूखंड मी उपकेंद्राला देते, तो विकू नये या अटीवर. भाड्यातून एका गाडीचा खर्च चालवावा. नव्या गाडीसाठी आगाऊ रक्कम भरून मी नोंदणी केली आहे, किमतीची उरलेली रक्कम माझ्या बचत खात्यातून द्यावी. विद्यापीठाशी करार झाला आहे. मी परत आले तर हे सर्व मीच पाहीन. हे मृत्युपत्र फक्त मी नसल्यास काय, एवढ्यापुरते आहे.

येथे थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे.

उपकेंद्रात विज्ञानाची प्रात्यक्षिके दुपारी उशिरा सुरू होतात. ती संपण्याआधीच मांडवगण फराट्याकडे जाणारी संध्याकाळची शेवटची एसटी सुटते. मोटरसायकल असलेली मुले थांबतात. त्या बाजूच्या मुली प्रयोग अर्धवट टाकून निघतात. माझे चुलते बाळासो यांची मुलगी सुषमा रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीनंतर एकदा ती प्रात्यक्षिकाला शेवटपर्यंत थांबली आणि तिची एसटी चुकली. काका तिला न्यायला आले आणि तिथेच, शिपायासमोर म्हणाले, "उद्यापास्नं कॉलेज बंद. बास झालं सायन्स." मी त्यांना फोन केला.

"काका, प्रात्यक्षिक संपल्यावर सोडायला गाडी असली तर?"

"गाडी कोन देनार? तुजा बाप?"

"मी देणार."

"बरं, बग. पन जवा गाडी बंद पडंल तवा पोरगी घरात. मंग मला फोन करायचा न्हाई."

माझे वडील ज्योतिबा हयात नाहीत, हे काकांना माहीत आहे. बोलण्याची पद्धत वगळता त्यांचे उत्तर मी मान्य केले. सध्या सुषमाला रोज संध्याकाळी माझी सहकारी मोनाली फराटे तिच्या गाडीतून सोडते. हे कायम चालणार नाही.

४. मी देणगी सभागृहासाठी द्यावी, असा उपकेंद्राच्या देणगी समितीचा आग्रह होता. तेथील अधिकारी म्हणाले, "मॅडम, गाडी दहा वर्षांनी भंगारात जाती. सभागृहावरचं नाव पिढ्यान्‌पिढ्या राहतं."

"तुमच्याकडे दोन सभागृहं आहेत."

"तिसरं एसी करू की."

ते सद्‌गृहस्थ आहेत. उपकेंद्रातील पंखे, बाके आणि पाण्याची टाकी त्यांनीच लोकांच्या मागे लागून मिळवली. प्रत्येक वस्तूवर कोणाच्या ना कोणाच्या स्मरणार्थ असे लिहिलेले आहे. डिझेलवर काही लिहिता येत नाही, म्हणून डिझेल कोणी देत नाही. माझी देणगी इंधन, चालकाचा पगार (सुट्टीतील महिन्यांसह), विमा आणि दुरुस्ती यांसाठीच आहे. शिल्लक राहिल्यास टायरसाठी ठेवावी. तिसऱ्या सभागृहाकडे वळवू नये.

५. गाडी शिरूर, निमोणे, न्हावरे, मांडवगण फराटा या मार्गाने जावी. सुटण्याची वेळ ठरवू नये. प्रयोगशाळेतून शेवटची मुलगी बाहेर येईपर्यंत गाडीने थांबावे. गाडीवर मार्गाची पाटी लावावी. माझे नाव लावू नये.

६. या गाडीने जाणाऱ्या मुलींचे फोटो काढू नयेत, त्यांना आभाराचे पत्र लिहायला लावू नये. मला पदवीसाठी श्री. सावळाराम या देणगीदारांकडून शिष्यवृत्ती मिळाली. धनादेश मंचावर दिला. तो दारापेक्षा रुंद होता. मी त्यांच्या पाया पडत असतानाचा फोटो फ्लेक्सवर छापून चौकात लावला आणि पावसाने रंग जाईपर्यंत तो तिथेच होता. रोज त्याखालून मी कॉलेजला गेले. फी भरली गेली, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. फ्लेक्सबद्दल नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या एकमेकींतून वजा होत नाहीत.

७. (खोडले.) येथे भांडगावच्या भूखंडाची रस्त्याकडची मोकळी बाजू माझा धाकटा भाऊ संपत याला हॉटेलसाठी द्यावी, असा मजकूर होता. तो तीन वर्षे ती जागा मागत आहे. खोडण्याचे कारण नोंदवते.

काल जेवताना संपतने मसुदा वाचला. "ताय, साक्षीदार कोन?"

"शेजारचे रविराज गावडे. दुसरं कोणी मिळालं नाही अजून."

"मी हाय की."

वकिलांचा सल्ला मी त्याला सांगितला. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे, त्याने साक्षीदार होऊ नये.

"आन् मला काय मिळालंच न्हाई तर?"

"तर चालेल. पण हॉटेल?"

त्याने ताटातली भाकरी संपवली. "हे बग. तू न्हाई आलीस तर भावकी मला पुढं घालनार. म्हननार, पोरगी आजारी व्हती, डोकं ठिकान्यावर न्हवतं, सख्ख्या भावाला बुडिवलं. चल कोर्टात. मी न्हाई म्हनीन. पन धा जन रोज घरी येऊन बसल्यावर किती दिस न्हाई म्हनीन, ते मला बी ठावं न्हाई. तू शुद्धीत व्हतीस म्हनून आत्ताच सही करतो. मंग माझं बी तोंड बंद, त्यांचं बी."

"अर्धी जागा तुझी राहू दे. साक्षीदार दुसरा शोधू."

"पुढची बाजू भाड्यानं दे. मागच्या टायरवाल्याच्या भाड्यात गाडी चालत न्हाई, डिझेल महाग हाय."

हे बरोबर होते. मीही हिशोब केला होता आणि त्याला सांगितला नव्हता. पुन्हा विचार कर, असे मी म्हटले.

"केला. मेन्यूकार्ड तेवढं छापून ठिवलंय, ते रद्दीत घाल. आन् लई खूश होऊ नगंस. परत आलीस की पयल्या दिवशी जागा मागनार हाय."

त्यानुसार कलम ७ रद्द करून भूखंडाची पुढची बाजूही कलम ३ मध्ये समाविष्ट केली आहे. खोडलेल्या मजकुराशेजारी माझी आणि दोन्ही साक्षीदारांची सही आहे.

८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मोनाली फराटे, रा. मांडवगण फराटा, यांनी करावी. त्यांनी ते मान्य केले आहे. गाडी ताब्यात आल्याचे त्यांनी बाळासो काकांना फोनवर न सांगता घरी जाऊन सांगावे, आणि सुषमाला सोबत न्यावे.

वरील मजकूर मी लिहिला, वाचला आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत त्याखाली सही केली. त्यांनी माझ्या देखत सही केली.

ठिकाण: शिरूर, जि. पुणे
दिनांक: १२ जानेवारी २०२५

सही: मोनिका ज्योतिबा कोळपे

साक्षीदार १: रविराज दगडू गावडे, रा. शिरूर. नाते: शेजारी. या मृत्युपत्राने मिळणारी मिळकत: काही नाही.

साक्षीदार २: संपत ज्योतिबा कोळपे, रा. निमोणे. नाते: भाऊ. या मृत्युपत्राने मिळणारी मिळकत: काही नाही.