स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक फूल

४ मार्च
तह झाला. घर आणि कुंपणाची भिंत यांमधली अरुंद पट्टी. चिरंजीवांना तिथे टाइल्स बसवून स्कूटर ठेवायच्या आहेत. मी म्हटलं, बाग करते. हसला. वडिलांसारखाच, नाकातून. शेवटी ठरलं: ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी टाइल्सवाला येणार. त्या दिवशी स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक तरी फूल दिसलं तर पट्टी माझी. रिटायर झाल्यापासून या घरात टीव्हीचा रिमोटसुद्धा माझ्या हाती लागत नाही. ही पट्टी मी सोडणार नाही. अख्खं ऑफिस सांभाळलंय, एक फूल काय!

९ मार्च
नर्सरी. पांढरा चाफा, जास्वंद, तगर, बोगनवेल. नर्सरीवाल्याने विचारलं, ऊन किती येतं? भरपूर म्हटलं. (सकाळी जरासं येतं. पण परक्याला घरातल्या गोष्टी कशाला सांगायच्या?) मग सगळं येईल मॅडम, म्हणाला. जाणकार माणूस.

१० मार्च
लागवड पूर्ण. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला प्रार्थनेला उभं करायच्या तशी, उंचीप्रमाणे, सरळ रांगेत. पाठ भिंतीला, तोंड खिडकीकडे. डिसिप्लिन.

२ एप्रिल
भिंतीपलीकडच्या कर्नलला सुनावलं. (होता पोस्टात. मिशा तेवढ्या कर्नलच्या.) त्याची कण्हेर आमच्या बाजूला लोंबत होती. स्पष्ट सांगितलं, भिंत ओलांडली की फांदी, पान, फूल, सगळं आमचं. आणि छाटली. हाच नियम दोन्ही बाजूंना का, विचारतो. अर्थात! कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला शिकवलंय, दिलेला शब्द पाळायचा.

५ एप्रिल
कर्नलने कण्हेर मुळासकट काढली. रोजची कटकट नको म्हणे. घाबरला. त्याच्याकडे आता नुसतं रखरखीत ऊन. भोगा.

२० मे
झाडं जोमात. जराशी भिंतीकडे कलताहेत. वारा असणार. सुतळीने बांधली.

१५ जुलै
सुतळी तुटली. जेवताना चिरंजीव म्हणाला, आई, तुझी झाडं पळून चालली आहेत. सूनबाईंना ठसका लागला. तोंडात घास असताना हसू नये, हे तिला कोणी शिकवलेलं दिसत नाही.

३० ऑगस्ट
खिडकीतून कळी दिसत नाही. खत घातलं. आज झाडांना इंग्रजीतून रागावले. मराठीतून बोललं की लाडावतात.

१८ सप्टेंबर
फाटकाशी कर्नल भेटला. हात जोडून म्हणाला, बाई, तुमचे उपकार. कशाचे ते विचारलं नाही. माझ्या सहवासात माणसं सुधारतात, हा जुना अनुभव आहे.

ऑक्टोबर, शनिवार
उद्या रविवार. स्टूल ठेवून भिंतीवरून डोकावले.

पलीकडे लग्नघर. लाल, पांढरं, गुलाबी. माझी जास्वंद, माझी तगर, माझी बोगनवेल! चाफासुद्धा मान पलीकडे टाकून फुललेला. खाली खुर्चीत कर्नल, चहा पीत. एकच फांदी अलीकडे ओढायला हात घातला. तो उठला. बाई, भिंत ओलांडली की आमचं ना, असं विचारलं. तेही अदबीने, मेल्याने.

अर्थात, म्हटलं. स्टुलावरून उतरायला सूनबाईंना हाक मारावी लागली.

रविवार
सकाळी कर्नलकडून वाटीभर फुलं आली. वाटी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि चिरंजीवाला दाखवलं, खिडकीतून फूल दिसतंय. तो हसला नाही. हसला असता तर भांडता आलं असतं. आई, म्हणाला, स्कूटरशेजारी तुझी खुर्ची ठेवू, हं?

टाइल्सवाल्याने नमुने मांडले. एकीवर फुलं छापलेली होती. गुलाबी घ्या आजी, म्हणाला, उडत नाही रंग.

ऊन किती येतं, असं त्याने विचारलं. फार नाही, म्हटलं.