वजनावर घेतलेली झांज

२७ ऑक्टो. ५५, जळगाव
काल दसऱ्याच्या मिरवणुकीत झांज गेली. माझ्या ढोलावर बसवलेली खालची शाबूत, पण डाव्या हातातली काठापासून मध्यापर्यंत उलली. पुढचा सगळा रस्ता घमेलं बडवल्यागत. पोरं हसली. बँडचे मास्तर क्लॅरिनेट तोंडातून न काढता माझ्याकडे असे बघत होते, जशी काही मीच दातांनी फोडली.

१ नोव्हें.
धुळ्याच्या शेठचा निरोप. मुलाचं लग्न, तुळशीचं लग्न लागलं की लगेच. पण "आधी दुकानासमोर वाजवून दाखवा, मग सुपारी." आमच्या बँडवर ही वेळ! लोक आता कर्णा लावून रेकॉर्डी वाजवतात. आमच्यातले दोघं गिरणीत लागले. ही सुपारी गेली तर बँड संपला. माहीत सगळ्यांना आहे, बोलत कोणी नाही.
झांजेसाठी सगळ्यांनी थोडं थोडं काढलं. जेमतेम एक जोडी होईल.

६ नोव्हें., धुळे
मास्तर आणि मी एस.टी.ने आलो. कासाराचं दुकान. एक जोडी नवी, जाड, झळझळीत. दुसरी मोडीच्या ढिगात पडलेली, कुठल्या तरी बंद पडलेल्या बँडची, पातळ, काळी ठिक्कर. मी ती उचलून वाजवली. काय आवाज! फुटतो आणि लगेच बाजूला होतो. अंगावर काटा आला. म्हटलं, मास्तर, हीच.
मास्तरांनी दोन्ही जोड्या तराजूत टाकायला लावल्या. हंडा घेताना बायका करतात तसं.
"वजन देख ना भाऊ! पातळ चीज कितला दिन टिकी? आन मोडीमधला माल मन्हा बँडमा? बठ्ठा लोके हसतीन."
"पण आवाज..."
"तुले काय समजस?"
मला काय समजतं! पंधरा वर्षं ढोल बडवतोय, मला काय समजणार!
जाड घेतली. जुन्या दोन्ही मोडीत दिल्या. ढोलावर बसवायला कासाराने मधे भोकंही पाडून दिली. मास्तर खुशीत. मला भजी खाऊ घातली.

८ नोव्हें., जळगाव
तालीम. वाटोळं झालं. देवळातल्या घंटेसारखी घुमत राहते, थांबतच नाही. एक टोला विरायच्या आत दुसरा पडतो. क्लॅरिनेट ऐकूच येत नाही. मास्तर म्हणाले, हळू वाजव. हळू वाजवली तरी तेच. मग म्हणाले, नवी आहे, मोकळी होईल. काय मोकळी होणार, डोंबल.

१० नोव्हें., धुळे
परत कासाराकडे. एकटा. मास्तर आले नाहीत, लाजले. कासार म्हणाला, "भोक पाडलेला माल परत नाही. मोडीत घेतो म्हणाल तर घेतो." मोडीत दिली तर हातात येईल त्यात काय येणार? पातळ जोडी कालच गेली होती, कुणी मालेगावकडचा बँडवाला घेऊन गेला. तशीच काखोटीला मारून परत आलो. एस.टी.त ती खणखणत होती, लोक वळून बघत होते.

१६ नोव्हें., जळगाव
दिवाळी गेली. मुलीला फटाके नाहीत. ही म्हणते, "गिरणीमा लागी जा ना. बठ्ठा लोके लागी ग्यात." गिरणीतला मुकादम हिच्या ओळखीचा. मी गप्प बसलो. गप्प बसलो की हिला वाटतं कबूल केलं.

२० नोव्हें., धुळे
शेठच्या दुकानासमोर. झांजेच्या आतून फडकं बांधलं, त्याने नुसतं भद्द भद्द. शेठ म्हणाले, "फडकं काढा. असं काय वाजतं?" काढलं. मास्तर गाल फुगवून, डोळे बाहेर येईस्तोवर फुंकत होते. शेवटी शेठनेच हात वर केला.
"अरे भाई, गाणं कुठे आहे? मला नुसती थाळी ऐकू येते."
मास्तर थांबले. साठीचा माणूस. क्लॅरिनेटच्या तोंडची जिभली पुसत उभे राहिले, पुसलेलीच पुन्हा पुसत. माझा सगळा राग तिथेच गेला. राग असता तर बरं झालं असतं.

२४ नोव्हें., जळगाव
सुपारी मालेगावच्या बँडला गेली. कॉर्नेटवाला सदूसुद्धा आज वाजवणं सोडतो म्हणून सांगून गेला.
दुपारी मुकादमाकडे जाऊन आलो. सोमवारी सकाळी सातला फाटकावर ये म्हणाला. हो म्हटलं. मास्तरांना सांगायला निघालो आणि त्यांच्या गल्लीच्या तोंडावरून परत फिरलो.

२७ नोव्हें., रविवार
मास्तर घरी आले. पाणी नको म्हणाले, बसले नाहीत. उद्या सकाळी असोद्याला नवरदेव मारुतीला न्यायचा आहे. क्लॅरिनेट आणि ढोल, एवढंच. झांज नको.
"येशी ना?"
आजवर मास्तरांनी कधी विचारलं नाही. "इतक्या वाजता ये" एवढंच सांगायचे. आज विचारलं, आणि उत्तर येईस्तोवर दाराची कडी धरून उभे राहिले.
मी हो म्हणालो.
ते गेल्यावर ही आतून आली. ओला हात पदराला पुसत म्हणाली, "खोटं कोनले बोलनात? त्यासले का मुकादमले?"
जेवायला बसलो.