रविवारी गिरणी बंद

आई, तुझ्याविरुद्ध माझी एक तक्रार आहे आणि ती मी पूर्ण गांभीर्याने मांडणार आहे. तुझ्या रेडिओतून अजून पीठ गळतं. तू जाऊन इतकी वर्षं झाली, गिरणी विकली, त्या जागेवर आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे, तरी परवा पुसायला म्हणून रेडिओ उचलला तर टेबलावर पांढरी रेघ. चिमटीत घेऊन पाहिलं. बाजरी नाही, गहू. त्यातही जाडसर, लाडवांचा. पाठशाळेत गुरुजींनी धुरावरून अग्नीचं अनुमान करायला शिकवलं होतं. पिठावरून आईचं अनुमान मी स्वतःच्या बुद्धीने करतो. पण मुद्दा तो नाही. मुद्दा असा की, या पिठामुळे रेडिओचा आवाज बसला आहे. बातम्या ऐकायच्या तर बटण पार शेवटापर्यंत पिळावं लागतं, आणि तरीही बातम्या देणारी बाई तोंडात लाडू धरून बोलते आहे असं वाटतं. जिने आयुष्यभर गिऱ्हाइकाचं मूठभर पीठ सांडू दिलं नाही, तिने स्वतःच्या रेडिओत ते असं भरून ठेवावं याला न्याय म्हणायचं का? शेवटी काल तो पिशवीत घालून रविवार कारंज्याजवळच्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. तिथे काय झालं ते सांगतो, पण लगेच नाही. तूही मला कधी कुठली गोष्ट लगेच सांगितली नाहीस.

वडील रामकुंडावर पौरोहित्य करायचे. मुलाने संस्कृत शिकावं असं त्यांना वाटायचं, आणि मुलाने दोन वेळा जेवावंही असं तुला वाटायचं. म्हणून त्यांनी मला पाठशाळेत घातलं आणि तू पंचवटीतल्या आपल्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी घातलीस. माझं सगळं व्याकरण तुझ्या पट्ट्यावर चाललं. वडील गेले, गिरणी राहिली. पुढे मी कॉलेजात शिकवायला लागलो आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कधीतरी गावच्या रेडिओवर रविवार सकाळचा गप्पांचा कार्यक्रम माझ्या वाट्याला आला. दर आठवड्याला एक पाहुणा. मधमाश्या पाळणारा, बोहारीण, वणीच्या गडावर वर्षानुवर्षं नारळ विकणारा म्हातारा. पाहुणे एकापेक्षा एक होते. अडचण फक्त त्यांच्यासमोर बसणाऱ्या माणसाची होती.

कार्यक्रम आठवड्यात आधीच ध्वनिमुद्रित व्हायचा, त्यामुळे रविवारी मी मोकळाच असायचो. पण त्या वेळात गिरणीत पाय ठेवायची मला बंदी होती. "तू असलास की लोक खोटं बोलतात," असं तुझं म्हणणं. मग मी समोरच्या शिंपीचाचाच्या दुकानात, टांगलेल्या सफारी सुटांच्या आडून बघायचो. अजून बघतो. कार्यक्रमाची वेळ झाली की तू खटका खाली ओढतेस. पट्टा फडफडत मंदावतो, जातं शेवटचा एक वळसा घेऊन थांबतं, आणि सकाळपासून थरथरणारी गल्ली एकदम गप्प होते. रविवार म्हणजे गर्दीचा दिवस, डब्यांची रांग ओट्यावरून खाली उतरलेली. गहू अर्धा दळून झालेला असला तरी तू मोटर बंद करणार म्हणजे करणार. लोक कुरकुरतात. वीज गेली तरी इतका वेळ जात नाही, असं निवृत्त हेडमास्तर म्हणतात. तू ऐकून न ऐकल्यासारखं करतेस, फळीवरचा रेडिओ पूर्ण मोठा करतेस, आणि एक हात त्याच्या पाठीवर ठेवून लोकांकडे तोंड करून उभी राहतेस. तापातल्या मुलाच्या पाठीवर ठेवावा तसा तो हात. जिला कधी घटकाभर बसलेलं पाहिलं नाही ती बाई माझ्यासाठी अशी निश्चल उभी. मला भरून यायचं. माझ्या वक्तृत्वाबद्दलचा माझा आदर त्या काळात फार वाढला.

श्रोत्यांचा तसा नव्हता. नाशिकमध्ये माझे इतर श्रोते किती होते कोण जाणे, पण तुझ्या गिरणीतले श्रोते पक्के होते, कारण त्यांची कणीक तुझ्या ताब्यात होती. हेडमास्तरांचं मत असं की श्लोक उत्तम होता, फक्त विषय कांद्याचा होता. शिंपीचाचा तर मला तोंडावरच म्हणाले, "पंडितजी, पाहुण्याला गप्पा मारायला बोलावता की हजामतीला बसवता? बेचाऱ्याला तोंड तर उघडू द्या." आणि मखमलाबादहून रविवारच्या बाजाराला भाजी घेऊन येणारी, येताना बाजरीचा डबा तुझ्याकडे टाकणारी ती मळेवाली मावशी. तिचं मत तू मला तिच्याच शब्दांत ऐकवलं होतंस: पोरगं लय शिकलेलं हाय, पण पाहुणा काय कापसाचा हाय का, मधीच पिंजून काढतंय.

ही मतं मला संध्याकाळी स्वयंपाकघरात मिळायची. तू थालीपीठ थापत असताना मी काही विचारलं तर म्हणायचीस, "थांब, हात धुऊ दे, मग बोल." हात धुऊन, पदराला पुसून, मला दिव्याखाली बरोबर समोर बसवायचीस आणि माझ्या तोंडाकडे एकटक बघत माझा प्रश्न ऐकायचीस. मी समजायचो, माझ्या बोलण्याला घरात काय मान आहे.

"काय म्हणाले लोक?"

"आज डबे हलले."

"कधी?"

"तू मध्ये बोललास तेव्हा."

हे तुझं माप होतं. माणसं कंटाळली की पायाशी असलेला डबा उगीच सरकवतात, झाकण काढून आत बघतात, जणू गहू पळून जाणार आहे. पाहुणा बोलत असताना डबे जागच्या जागी असतात आणि मी तोंड उघडलं की हलतात, असं तू दर रविवारी मला सांगायचीस. मी चिडायचो. म्हणायचो, लोकांचं सोड, तुला काय वाटलं ते सांग. त्यावर तुझं ठरलेलं उत्तर: "माझं काय विचारतोस? लोकांना विचार." वर्षानुवर्षं मी विचारत राहिलो आणि तू एकदाही स्वतःचं मत दिलं नाहीस. रेडिओ केंद्रावर पोतं भरून पत्रं यायची, काही तर चक्क स्तुतीची. मला मात्र एकाच श्रोत्याचं मत हवं होतं, आणि ती थालीपीठ उलटण्यात गुंतलेली.

मग तो क्रिकेटचा रविवार आला. कुठलासा सामना होता, माझा कार्यक्रम पुढच्या आठवड्यावर ढकलला होता, आणि हे तुला सांगायचं मी विसरलो. तू नेहमीप्रमाणे खटका ओढलास. रेडिओतून सामन्याचं धावतं वर्णन सुरू झालं आणि गिरणीत मी कधी पाहिली नव्हती अशी एकाग्रता पसरली. हेडमास्तर ओट्यावरून उठून उभे राहिले. चाचांनी शिवणयंत्र थांबवलं आणि रस्ता ओलांडून गेले. रांगेतला एक डबा हलला असेल तर शपथ. तुझा हात रेडिओवर, आणि चेहरा असा उजळलेला की मी सफारी सुटांच्या आड हसत होतो. मनात म्हटलं, हिलाही क्रिकेट कळायला लागलं.

संध्याकाळी तू हात न धुताच सांगायला बसलीस. "आज एकही डबा हलला नाही. आज तू पाहुण्याला बोलू दिलंस. असंच करत जा."

माझ्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत मी हसलो. म्हटलं, "आजचा पाहुणा फार लांबून बोलत होता, मला मध्ये पडताच आलं नाही." तूही हसलीस. हा टोमणा मी पुढे केंद्रावर सगळ्यांना सांगितला. आपल्या आईसारखी वक्रोक्ती अलंकारशास्त्रातही सापडायची नाही म्हणून मिरवला. पण लागला होता. त्याच आठवड्यात सुरगाण्याचा एक जीपवाला पाहुणा आला. नागलीचं काम संपलं की डोंगरातली माणसं निफाडकडे द्राक्षांच्या छाटणीला उतरतात, त्यांची नेआण करणारा. मी विचारलं, वाटेत माणसं काय बोलतात? तो गप्प झाला. अशा शांततेत सुभाषित टाकायची माझी जुनी खोड. ते जिभेवर आलंही होतं. तुझा टोमणा आठवला आणि मी ते गिळलं. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "जाताना गाणी म्हणतात. येताना समदी झोपतात. मी येकटाच जागा. मग आरशात बघत राहतो, कोणी कमी नाय ना."

ती मुलाखत ज्या रविवारी लागली, त्या दिवशी कार्यक्रम संपल्यावर मळेवालीने उचललेला डबा परत खाली ठेवला. तू कितीतरी वेळ मोटर सुरू केली नाहीस. संध्याकाळी एवढंच म्हणालीस, "आज लोक काही बोलले नाहीत." लोक पुढे म्हणायला लागले की याला पाहुण्याकडून काढून घ्यायची कला साधली आहे. कला कसली, मी आईच्या टोमण्याला भिऊन गप्प बसत होतो.

तू गेल्यावर, तेराव्यानंतर, मळेवाली आली. डबा न घेता आलेली मी तिला प्रथमच पाहत होतो. बंद गिरणीच्या ओट्यावर बसली आणि इकडचं तिकडचं बोलता बोलता म्हणाली की दर रविवारी सगळा कार्यक्रम बाईंना परत सांगायचं काम तिचं होतं. मी विचारलं, परत कशाला?

तिने माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला ठावं नव्हतं, दादा? बाईंना रेडिओ कुठं ऐकू येत होता? माणसाचं त्या तोंड बघून वळखायच्या. रेडिओला तोंड कुठंय?"

तुला थोडं कमी ऐकू येतं हे मला माहीत होतं. सगळ्याच गिरणीवाल्यांना येतं. त्या थोड्या कमीचं अजिबात नाही केव्हा झालं, ते मला कळलं नाही, कारण तू कधी चुकीचं उत्तर दिलं नाहीस. मळेवालीनेच मग सगळं सांगितलं. हात रेडिओवर कशासाठी होता ते: माझा आवाज तुझ्या तळव्याला जाड लागायचा, पाहुण्याचा वेगळा. मी कधी बोलतो ते हाताने कळायचं, आणि कसा बोलतो ते डब्यांवरून. त्या क्रिकेटच्या दिवशी हात ठेवून तू म्हणाली होतीस, आज हा बोलतच नाही, पाहुणाच बोलतोय. "लय खूश झाल्या," मळेवाली म्हणाली. "मग कोण सांगणार, मॅच चालू हाय म्हणून? हेडमास्तर पण गप बसले."

म्हणजे तो टोमणा नव्हता, आई. ती शाबासकी होती. आणि मी हसलो म्हणून, कशाला हसतोय ते न कळताही, तू सोबतीला हसलीस. श्रवण, मनन, निदिध्यासन अशा पायऱ्या आम्ही पाठ केल्या. तू त्यातली पहिली पायरी नसताना वर चढलीस. गर्दीच्या दिवशी चालती गिरणी थांबवायची, जे स्वतःला ऐकू येणार नाही ते लोकांना ऐकवायचं, आणि त्यांच्या चेहऱ्यांवरून मुलाचं बोलणं वाचायचं. तुझं मत मी मागत होतो आणि तू दर रविवारी खटका खाली ओढून ते देत होतीस. मी आयुष्यात थोर श्रोते पाहिले, काही तर सभेत पहिल्या रांगेत डोळे मिटून डुलणारे. तुझ्या जवळपास येईल असा एकही नाही.

कार्यक्रम अजून चालू आहे. मात्र आता ध्वनिमुद्रण नाही, सगळं थेट, आणि अलीकडे लोक फोन करून बोलतात. समोरच्या पाहुण्याला मी दिव्याच्या उजेडात, बरोबर समोर बसवतो. का, हे मला कुणी विचारलेलं नाही. गेल्या रविवारी एका बाईंनी फोनवर काहीतरी विचारलं आणि मी उत्तर दिलं. त्या थोडं थांबल्या, मग सभ्यपणे "बरं" म्हणाल्या. काचेपलीकडचा, यंत्रं सांभाळणारा मुलगा खाली मान घालून बटणं बघत राहिला.

आता तो दुरुस्तीवाला. त्याने रेडिओ उघडला, फुंकर मारून तुझं पीठ उडवलं, परत जोडला आणि बटण फिरवलं. पलीकडचा रसवाला ओरडून हात हलवायला लागला, आवाज कमी करा म्हणून. मी तेव्हा नीट ऐकू यावं म्हणून काउंटरवर वाकलो होतो. दुरुस्तीवाल्याने रेडिओ बंद केला, माझ्याकडे तोंड केलं आणि सावकाश म्हणाला, "साहेब, सेट एकदम चांगला आहे. पिठाने काही होत नाही."

तेव्हा माझी तक्रार मागे घेतो. हे पत्र टाकायचं नाहीच, म्हणून पाकिटावर पत्ता लिहीत बसत नाही. तुझ्यासमोर गिरणीभर चेहरे होते, माझ्यासमोर काच आहे, आणि फोनला तोंड नसतं. मला ऐकू कमी येतंय, आई. घरात अजून कुणालाच सांगितलेलं नाही. परवा परत रविवार आहे.