दोन बाटल्या आणि एक पातेलं

मी, खाली सही करणारी, दूधवाल्याची बायको आणि आता त्याची विधवा, वय सत्तरीच्या पुढचं (शाळेच्या दाखल्यावर आकडा चुकलाय, तोच धरावा, त्यात मी लहान दिसते), हे मृत्युपत्र माझ्या हातानं लिहिते आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा कागद डॉक्टरीणबाईंनी दिलाय. देण्याआधी त्यांनी विचारलं, "आज वार कोणता?" मी म्हटलं, "तुम्ही गुरुवारी कधी येत नाही, म्हणजे गुरुवार नाही एवढं नक्की." त्या हसल्या आणि शिक्का मारला. कुणी मला धाक घातलेला नाही. कुणी लाडीगोडीही लावलेली नाही. लावली असती तर बरं वाटलं असतं, पण नाही लावली.

वकीलसाहेबांनी मला एक छापील नमुना दिला होता. त्यात 'सदरहू' आणि 'उपरोक्त' फार. मी गावच्या शाळेत शिकले, तिथं मास्तर सांगायचे, जसं बोलता तसं लिहा, म्हणजे खोटं सापडतं. म्हणून मी माझं लिहिलं. वकीलसाहेब वाचून म्हणाले, "आजी, मृत्युपत्रात इतकं घरगुती लिहीत नाहीत."

"मग कुठं लिहू? मेल्यावर टपालानं पाठवू?"

त्यावर त्यांनी चष्मा पुसला. हुशार माणूस आहे.

कलम पहिलं. घर. आमचं घर म्हणजे पुढं दुधाचं दुकान, मागं गोदाम, आणि वर माझ्या दोन खोल्या. दुकान थोरल्याला. मिसरूड फुटल्यापासून तो त्या गल्ल्यावर बसलाय, आता त्याच्याशिवाय ती खुर्चीसुद्धा कुणाला ओळखायची नाही. गोदाम बारकीला. तिला बारकी म्हणतात कारण जन्मली तेव्हा तळहातावर मावायची. आता ती मला, माझी खुर्ची आणि मांडीवरचं मांजर असं सगळं एकदम उचलते. गोदामात तिनं व्यायामाचा हॉल काढलाय. लोक येतात, लोखंड उचलतात, होतं तिथंच परत ठेवतात आणि वर तिला पैसे देतात. मला हे अजून नीट कळलेलं नाही, पण चालतंय झकास.

वरच्या खोल्या दोघांच्या. जो दमेल त्यानं तिथं येऊन आडवं व्हावं.

सोन्याच्या बांगड्या सूनबाईला. तिनं त्या कधी मागितल्या नाहीत, म्हणून.

कलम दुसरं. बारकीनं माझ्या वाढदिवसाला आणलेला वजनकाटा माझ्या नणंदेला द्यावा. लग्नात ती सगळ्यांदेखत म्हणाली होती, "वहिनी आणलीत की काठी?" काट्यावर उभं राहून तिनं स्वतःच खाली बघावं. दिसला आकडा तर. (वकीलसाहेब म्हणतात हे कलम काढा. काढणार नाही. पण तिला सांगा, काठीनं आठवणीनं दिलाय, आणि सोबत माझी निळी शालही द्या. गुडघे दुखतात तिचे.)

कलम तिसरं. साय काढायचं यंत्र. हे दुकानात आहे, म्हणजे थोरल्याचंच, पण त्याचं मी वेगळं लिहिते, कारण सगळं रामायण तिथून सुरू होतं.

यंत्राला वरून दूध घालायचं. दोन तोट्या आहेत. एकीतून क्रीम येतं, दुसरीतून साय गेलेलं पातळ दूध, ज्याला आमच्या धंद्यात सेपरेट म्हणतात. ह्यांच्या उमेदीच्या काळात सेपरेटला कुणी विचारत नव्हतं. निम्मं मांजरांना, निम्मं आसपासच्या गरजूंना. मग जग बारीक व्हायला निघालं, आणि मांजराचं दूध बाटलीत बसून मिरवायला लागलं. मांजर अजून माझ्याकडे रागानं बघतं.

बारकीनं हॉलमध्ये फळा लावला: "वजन उतरवायचंय? साय काढलेलं दूध प्या." थोरल्यानं दुकानात पाटी लावली: "इथं अस्सल दूध मिळेल. पाणी प्यायचं असेल त्यांनी नळावर जावं." इथपर्यंत गंमत होती. हे तर दोन्ही वाचून पोट धरून हसायचे. दुकान आणि गोदाम यांच्यामध्ये जे दार आहे ते तेव्हा सताड उघडं असायचं. बारकी मधूनच ओरडायची, "दादा, सेपरेट दे गं एक कॅन!" तो ओरडायचा, "दादाला गं म्हणतेस? नाही देत!" आणि कॅन सरकवायचा.

कलम चौथं. ते दार.

हे गेले, आणि आठवडाही झाला नव्हता. माणसं येऊन जाऊन होती. मी आतल्या खोलीत होते, पण भिंती पातळ आहेत.

थोरला म्हणाला, "शेवटचं वर्षभर मी आणलेल्या दुधाची बाबांना चवच लागू दिली नाहीस. तुझं ते पांढरं पाणी पीत गेले ते."

बारकी म्हणाली, "आणि त्याआधी जन्मभर साय चारली ती कुणी? त्या सायीनंच नेलं त्यांना."

दोघंही रडत होती. रडताना माणूस जे बोलतं ते धरून ठेवायचं नसतं, पण माझी दोन्ही पोरं बापावर गेलीत, हातात धरलेलं सोडत नाहीत. दुसऱ्या दिवशी थोरल्यानं लोण्याचं मोठं कपाट ओढून त्या दारापुढं लावलं. बारकीनं पलीकडून कडी घातली. तेव्हापासून हॉलमध्ये यायला लोक मागच्या बोळातून वळसा घालतात. थोरला रोज क्रीम काढतो आणि सेपरेट मोरीत ओततो. बारकी दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या दुकानातून तेच दूध पिशवीतून विकत आणते. मधे एक दार. मी वर बसून मोरीचा आवाज ऐकते, आणि मग बारकीची स्कूटर सुरू झालेली ऐकते. आईच्या कानांना आणखी काय काय ऐकवणार?

डॉक्टरीणबाईंना मी सरळ विचारलं, "खरं कोण?" त्या म्हणाल्या, "प्रथिनं दोन्हीत जवळपास सारखीच. फरक सायीचा. ज्याला वजन उतरवायचंय त्याला बिनसायीचं सोपं जातं. जो हडकुळा आहे आणि घाम गाळतो त्याला सायीचं चांगलं. कुणाला सायीच्या दुधानं पोट भरतं आणि पुढचं हादडणं थांबतं, त्याला तेच बरं. माणूस बघून ठरवायचं, आजी."

म्हणजे दोघंही खरी. आता हे त्यांना कोण सांगणार? मी सांगायला गेले तर थोरला म्हणतो, "तू तिचीच बाजू घे." बारकी म्हणते, "तू त्याचीच बाजू घे." आई म्हणजे जणू नाणं, ज्यानं उडवावं त्याच्या उलटं पडतं.

तर ते दार मी दोघांच्या नावानं लिहिते. चौकट, फळ्या, बिजागरी, कडी, सगळं निम्मं निम्मं. वकीलसाहेब म्हणाले, "अट घाला. महिन्याभरात दार उघडलं नाही तर घर विकायचं." मला ते पटलं नाही. भीतीनं उघडलेल्या दारातून माणूस हसत येत नाही. अट नाही. फक्त माझी इच्छा आहे, आणि ती मी इथं लिहून ठेवते आहे: मी असेपर्यंत उघडलं तर फार बरं. नंतर उघडलं तर मला करकर ऐकू येणार नाही.

कलम पाचवं. पातेलं. ॲल्युमिनियमचं, एका बाजूला चेमटलेलं, माझ्या शेगडीवर असतं ते. कुणालाही त्याचं काही वाटायचं नाही. म्हणून आधी ऐका.

माझे पाय आखडल्यापासून मी खाली उतरत नाही. सकाळी थोरला पुढच्या जिन्यानं येतो, सायीच्या दुधाची बाटली ठेवतो आणि म्हणतो, "आई, हे पी. अंगात ताकद येईल." तो गेला की थोड्या वेळानं बारकी मागच्या लोखंडी जिन्यानं येते. दोघांनी वेळा अशा बांधल्यात की जिन्यातसुद्धा तोंड दिसू नये. ती साय काढलेल्या दुधाची बाटली ठेवते आणि म्हणते, "आई, हे पी. अंगाला हलकं." संध्याकाळी दोघं वेगवेगळी येऊन विचारतात, "प्यायलीस ना?" मी दोघांना म्हणते, "प्याले की. सगळं." आणि ते खरं असतं. कारण मी दोन्ही बाटल्या त्या पातेल्यात ओतते, उकळते, आणि तुमचं भांडण घोट घोट पिते. गोड लागतं, सांगू? पोरांच्या हातचं आहे.

पण ही युक्ती माझी नव्हे. तुमच्या बाबांची.

त्या शेवटच्या वर्षात तुम्ही दोघं त्यांनाही हेच करत होता. बारकी, तू तुझा पेला आणायचीस आणि ते पीत होते तोवर त्यांचे पाय मांडीवर घेऊन बसायचीस. तुझा फोन आला की तू उठून बाहेर जायचीस, आणि ते उरलेलं पटकन त्या पातेल्यात टाकायचे. थोरल्या, तू दुकान बंद करून यायचास आणि त्यांच्या हातात कप देऊन दिवसभराचा हिशेब सांगायचास. तू वळलास की तोही कप पातेल्यात. मग आम्ही दोघं ते कोमट करून अर्धं अर्धं प्यायचो. मी एकदा म्हटलं, "अहो, सांगून टाका की पोरांना, एक काहीतरी ठरवा म्हणून."

ते म्हणाले, "आणि एकाला नको म्हणू? अगं, दुधासाठी कोण पितंय. पोरं जवळ बसतात ना."

तेव्हा थोरल्या, तुझ्या बाबांना शेवटपर्यंत साय मिळाली. आणि बारकी, त्यांना तुझं हलकं दूधही मिळालं. कुणी त्यांची चव हिरावली नाही, कुणी त्यांना मारलं नाही. त्यांच्या हृदयाची झडप लहानपणी आलेल्या तापानं खराब झाली होती. डॉक्टरीणबाईंनी ते आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं: दुधाचा यात हात नाही, सायीच्या नाही आणि बिनसायीच्याही नाही. ह्यांनी मला गप्प बसवलं. म्हणाले, "पोरांचा जीव उगाच टांगणीला लागेल." जीव आधीच टांगलाय, म्हणून आता मी सांगते. त्यांनी रागावायचं असेल तर लवकरच भेटू, तेव्हा रागवावं. मी पण दोन शब्द सुनवीन.

पातेलं दोघांना मिळून. त्याचे तुकडे करू नयेत.

कलम सहावं. किरकोळ. बँकेत आहे ते दोघांना सारखं. ह्यांचं स्टूल कुणी फेकू नये, एक पाय आखूड आहे तो त्याचा स्वभाव आहे. मांजराला रोज साय मिळावी, वजन करू नये. शेजारची चष्मेवाली माझी कात्री घेऊन गेलीय, ती तिलाच राहू दे, पण मला माहीत होतं एवढं तिला कळवावं.

साक्षीदारांबद्दल. एक डॉक्टरीणबाई. दुसरे आमच्या दुकानाशेजारचे सलूनवाले भाऊ. वकीलसाहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आजी, साक्षीदारानं फक्त सही बघायची असते. आत काय लिहिलंय ते त्याला कळायची गरज नाही."

मी म्हटलं, "नाही नाही, त्यांना सगळं वाचून दाखवा. सावकाश. पाचवं कलम दोनदा."

"पण त्यांच्या पोटात काही राहत नाही असं सगळा रस्ता म्हणतो."

"मग? थोरला दर रविवारी कुणाकडं दाढी करतो? आणि बारकीच्या हॉलमधली निम्मी माणसं केस कुठं कापतात?"

वकीलसाहेबांनी पुन्हा चष्मा पुसला.

वरचं सगळं मी लिहिलं, मला वाचून दाखवलं, ते माझंच आहे.

सही: दूधवाल्याची विधवा
साक्षीदार: डॉक्टरीणबाई, सलूनवाले भाऊ
ठिकाण: दुकानावरची खोली. दिनांक: शुक्रवार, दुधाची गाडी येऊन गेल्यावर.

पुरवणी. वरच्या मृत्युपत्राला जोडावी. डोकं अजून ठिकाणावर आहे, वार सोमवार, यावेळी मला कुणी विचारलं नाही.

काल रविवार होता. आज सकाळी थोरला यायच्या वेळेला आला नाही. बारकीही आली नाही. मी म्हटलं, झालं, सलूनवाल्या भाऊंनी नको तसंच काहीतरी सांगितलं. मांजर आणि मी दाराकडं बघत बसलो. मग खालून आवाज आला. जड काहीतरी फरशीवरून घासत होतं.

"अरे सरक, तुझ्यानं व्हायचं नाही ते."

"लोणी आहे आत! सांडेल!"

"सांडलं तर खा. धर त्या कडेला. त्या नाही रे, त्या!"

मग करकर झाली. बिजागरीला तेल हवंय, तेही लिहून ठेवते. मग एकानं नाक ओढलं, मग दुसऱ्यानं. मी उठून जिन्यापर्यंत गेले असते, पण पायांनी साथ दिली नाही, आणि बरंच झालं. काही गोष्टी आईनं बघायच्या नसतात.

दोघं एकाच जिन्यानं वर आली. पुढच्या. डोळे दोघांचे लाल, आणि एकमेकांकडं न बघता माझ्याकडं बघत होती, जणू मीच काहीतरी फोडलंय. थोरल्याच्या हातात एकच बाटली होती.

मी विचारलं, "हे कुठलं? तुझं की तिचं?"

बारकी म्हणाली, "गप पी गं आई. निम्मं निम्मं आहे."

मी प्याले. निम्मं निम्मं नव्हतं. साय जरा जास्त होती. थोरल्याचा हात ओतताना सैल सुटला असणार. बारकीच्या ते लक्षात आलं नसेल असं होणार नाही, ती दुधाचा थेंबन्‌थेंब मोजते. पण ती माझे पाय मांडीवर घेऊन बसली. थोरला स्टूल ओढून हिशेब सांगायला लागला.

तेव्हा कलम चौथं रद्द. दार उघडलंय. कलम पाचव्यात दुरुस्ती: पातेलं मी जिवंत आहे तोवर माझ्याकडंच राहील, पण त्यात आता काही मिसळावं लागणार नाही. मला एक बाटली पुरते.

सही: तीच
साक्षीदार: डॉक्टरीणबाई
साक्षीदार: सलूनवाले भाऊ. (मी कुणालाही काहीही सांगितलेलं नाही.)
ठिकाण: तीच खोली, दार उघडं. दिनांक: सोमवार, दूध पिऊन झाल्यावर.