सवतीची सीट

प्रिय दिवंगत पत्नीस,

तुझ्या पश्चात आपली ती मागे पंख असलेली जुनी अमेरिकन मोटार विकण्याचे मी निश्चित केले होते. वर्षानुवर्षे खपून मी तिचा गंज काढला, क्रोम उजळले. तू मात्र तिला 'सवत' म्हणालीस आणि तिच्यात कधी पाऊल ठेवले नाहीस, अशी माझी ठाम समजूत होती.

तू गेल्यानंतर आज प्रथमच, गिऱ्हाइकाला घेऊन, शेडमध्ये गेलो. आत बसताच माझे गुडघे स्टिअरिंगवर आपटले. सीट पार पुढे ओढलेली होती.

"हिला हात कोणी लावला?" मी ओरडलो.

शेडवाल्या मावशी हसल्या. "अहो, कोण लावणार? तुम्ही कॉलेजात शिकवायला गेलात की दोघी सवती भटकायला निघायच्या. वहिनी म्हणायच्या, 'ह्यांना सांगू नका हं, लगेच मलाही शिकवायला बसतील.'"

त्यांनी लाल लोकरीचा गोंडा बांधलेली चावी माझ्या हाती ठेवली. हरवली म्हणून मी घर पालथे घातले होते, तीच मोटारीची दुसरी चावी. तेव्हा तूही माझ्यासोबत पलंगाखाली वाकून शोधत होतीस!



"साहेब, सीट मागे घ्या की. एक चक्कर मारू," गिऱ्हाईक म्हणाले.

माझा हात सीटखालच्या खटक्यापर्यंत गेला आणि तिथेच थिजला. ती सीट मागे सरकली असती, तर तुझी उंची जगात कुठेच उरली नसती.

"गाडी विकायची नाही," मी म्हणालो.

मोटारीचे दार कुलूपबंद केले आहे. तुझी चावी मावशींकडे परत दिली आहे.

तुझा,
अनभिज्ञ पती